साठा किती दिवस पुरेल?

घरात तांदूळ किती उरले आहेत असे विचारले असता गृहिणी 'बारा किलो' असे उत्तर क्वचितच देते. 'आठ दिवस पुरतील' असे ती म्हणते. या छोट्या उत्तरामागे एक भागाकार दडलेला असतो. रोज दीड किलो तांदूळ लागत असतील, तर बारा किलो आठ दिवस पुरतात. परंतु परवापासून घरी पाहुणे येणार असून रोजचा खर्च तीन किलोवर जाणार आहे हे तिला ठाऊक असेल, तर ती हा भागाकार करीत नाही. पहिल्या दोन दिवसांचे तीन किलो ती वजा करते, उरलेल्या नऊ किलोंना तीनने भागते आणि 'पाच दिवस' असे सांगते. कोठीतील धान्य तेवढेच आहे. बदलला आहे तो पुढच्या दिवसांचा अंदाज.

साठ्याचे मोजमाप वजनात किंवा नगांत न करता दिवसांत करणे ही कल्पना भारतात फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुर्गाची व्यवस्था सांगताना तेल-तूप, धान्य, मीठ, औषधे, सरपण इत्यादी वस्तू अनेक वर्षांच्या उपभोगाला पुरतील एवढ्या साठवाव्यात आणि जुन्या मालाच्या जागी नवा माल भरीत जावा, असा निर्देश आहे. साठा किती असावा हे तेथे मापांनी नव्हे, तर काळाने सांगितले आहे. शत्रूचा वेढा किती दिवस चालेल यावर दुर्गाचे भवितव्य अवलंबून असल्यामुळे काळ हेच तेथे खरे माप होते.

आजच्या कारखान्यात हाच हिशेब संगणक करतो. हजारो सुट्या भागांपैकी प्रत्येक भाग किती दिवस पुरेल, हे तो रोज सकाळी नियोजकासमोर मांडतो. हा आकडा दिसावयास साधा असला तरी तो कसा काढावयाचा याचे नियम माणसांनीच ठरवून दिलेले असतात. ते नियम चुकले, तर आकडा बिनचूक दिसूनही कारखाना बंद पडतो किंवा भांडारात नको असलेल्या मालाचे ढीग साचतात. म्हणून हे नियम समजून घेणे उपयुक्त ठरते.

गरजेचे नियोजन

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साठ्याच्या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी निराळी होती. फोर्ड व्हिटमन हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने १९१३ मध्ये एका वेळी किती माल मागवणे सर्वांत स्वस्त पडेल याचे सूत्र मांडले. वारंवार थोडा माल मागवला तर मागवण्याचा खर्च वाढतो. एकदम पुष्कळ मागवला तर साठवणुकीचा खर्च आणि अडकलेल्या भांडवलाचे व्याज वाढते. या दोहोंचा मेळ घालणारी संख्या हॅरिसच्या सूत्राने मिळते. पुढे साठा एका ठरावीक पातळीखाली गेला की नवी मागणी नोंदवावी, ही पद्धत रूढ झाली. भांडारपालाच्या नोंदपत्रावर ती पातळी लिहिलेली असे आणि आकडा तेथवर उतरला की खरेदी विभागाकडे चिठ्ठी जाई.

दुकानातील साबणाला ही पद्धत चालते, कारण गिऱ्हाईक केव्हा येईल हे कोणालाच नक्की सांगता येत नाही आणि गेल्या महिन्याच्या खपावरून पुढच्या महिन्याचा अंदाज करावा लागतो. कारखान्यातील सुट्या भागांची स्थिती वेगळी असते. येत्या आठवड्यात किती सायकली जोडावयाच्या हे एकदा ठरले की चाके, टायर आणि स्पोक किती लागतील याचा अंदाज करण्याची गरजच उरत नाही; ते गुणाकाराने काढता येते. जुन्या घाटणीच्या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० असे ७२ स्पोक लागतात. शंभर सायकली म्हणजे ७,२०० स्पोक. सायकलींची मागणी स्वतंत्र आहे. स्पोकांची मागणी सायकलींवर अवलंबून आहे.

स्वतंत्र आणि अवलंबित मागणीतील हा भेद जोसेफ ऑर्लिकी यांनी स्पष्टपणे मांडला. चेकोस्लोव्हाकियात जन्मलेले ऑर्लिकी अमेरिकेत प्रथम ट्रॅक्टर बनवणाऱ्या जे. आय. केस या कंपनीत आणि नंतर आय. बी. एम. या संगणक कंपनीत काम करीत होते. मालाच्या गरजेच्या नियोजनावरील त्यांचा ग्रंथ १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. या पद्धतीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे 'एम. आर. पी.' अशी आहेत. भारतात याच अक्षरांनी वेष्टनावर छापलेली कमाल किरकोळ किंमत ओळखली जाते. त्या किमतीशी या पद्धतीचा काही संबंध नाही.

पद्धतीचा गाभा चार पायऱ्यांचा आहे. प्रथम तयार वस्तूंच्या उत्पादनाचे वेळापत्रक घ्यावयाचे. दुसऱ्या पायरीत भागांच्या यादीवरून प्रत्येक भागाची एकूण गरज तारखेनिशी काढावयाची. तिसऱ्या पायरीत हाती असलेला आणि येऊ घातलेला माल त्यातून वजा करून निव्वळ गरज काढावयाची. चौथ्या पायरीत, माल येण्यास जितके दिवस लागतात तितके दिवस मागे जाऊन तो कोणत्या तारखेला मागवला पाहिजे हे ठरवावयाचे. यातील एकही पायरी अवघड नाही. परंतु एका ट्रॅक्टरमध्ये हजारो भाग असतात आणि वेळापत्रक सतत बदलते. हाताने हा हिशेब पुरा होईपर्यंत तो शिळा होत असे. म्हणूनच संगणकाच्या प्रसाराबरोबर ही पद्धत रुजली.

या हिशेबातूनच 'साठ्याचे दिवस' हा आकडा निघतो. पुढील प्रत्येक दिवसाची गरज ठाऊक असल्यामुळे हाती असलेला साठा नेमका कोणत्या दिवशी संपेल हे संगणकाला सांगता येते. सांगता येते, पण ते त्याला कसे विचारले जाते यावर उत्तर ठरते.

मागे पाहणे आणि पुढे पाहणे

एक काल्पनिक सायकल-कारखाना घ्यावा. तेथे रोज २०० सायकली जोडल्या जातात. म्हणजे रोज १४,४०० स्पोक लागतात. भांडारात १,४४,००० स्पोक आहेत. गेल्या महिन्याच्या सरासरी खर्चाने भागले, तर साठा १० दिवसांचा ठरतो. पुरवठादार मागणी नोंदवल्यापासून नऊ कामाच्या दिवसांनी माल देतो. दहा दिवसांचा साठा आणि नऊ दिवसांची मुदत. उद्या मागणी नोंदवली तरी चालेल, असे नियोजकास वाटते.

परंतु चौथ्या दिवसापासून रोज ३०० सायकली जोडावयाच्या असे वेळापत्रकात लिहिलेले आहे. तेव्हा पहिल्या तीन दिवसांत ४३,२०० स्पोक खर्च होतील आणि १,००,८०० उरतील. चौथ्या दिवसापासून रोजची गरज २१,६०० असल्यामुळे उरलेला साठा पावणेपाच दिवसांहूनही किंचित कमी पुरेल. एकूण साठा पावणेआठ दिवसही टिकत नाही. आज सकाळी मागणी नोंदवली तरी माल नऊ दिवसांनंतर येणार. मध्यंतरीच्या सुमारे सव्वा दिवसात ४०० सायकली अडून राहतील. स्पोकाची किंमत क्षुल्लक असते. पण तो नसला की सांगाडा, रिम, टायर, साखळी यांत गुंतलेला सारा पैसा अडून राहतो आणि कामगार हात बांधून बसतात.

वेळापत्रक उलट दिशेने बदलले तर? चौथ्या दिवसापासून रोज १०० च सायकली जोडावयाच्या असतील, तर उरलेले १,००,८०० स्पोक १४ दिवस जातील आणि साठा १७ दिवसांचा ठरेल. मागच्या सरासरीवर विसंबणारा नियोजक येथे गरज नसताना माल मागवील. दोन्ही प्रसंगी भांडारातील स्पोकांची संख्या तीच होती. म्हणून आज्ञावलीत पहिला नियम ठरवावा लागतो तो हा : भागाकार मागील खर्चाने करावयाचा, की पुढील गरज दिवसामागून दिवस वजा करीत जावयाचे? वेळापत्रक विश्वासार्ह असेल तेथे दुसरी रीत निःसंशय श्रेष्ठ आहे. यंत्रांच्या दुरुस्तीला लागणारे वंगण किंवा कापडाच्या चिंध्या यांसारख्या वस्तूंना वेळापत्रकच नसते. तेथे पहिली रीत पुरेशी ठरते.

सरासरीचा फसवेपणा

पुढील गरजेचीही सरासरी काढण्याची सोय अनेक आज्ञावल्यांत असते. येत्या महिन्याची एकूण गरज घ्यावयाची, कामाच्या दिवसांनी भागावयाची आणि त्या सरासरीने साठ्याला भागावयाचे. गरज रोज सारखी असेल तर या रीतीत दोष नाही. ती मधूनमधून आणि मोठ्या प्रमाणात येत असेल, तर मात्र ही रीत दिशाभूल करते.

त्याच कारखान्यात काही सायकलींना डायनामोचा दिवा बसवावयाचा असतो. दिव्याचा लोखंडी आधार महिन्यातून दोनदाच लागतो : पहिल्या दिवशी ५०० आणि विसाव्या दिवशी ५००. महिन्यात कामाचे २५ दिवस धरले, तर सरासरी गरज रोज ४० नगांची होते. भांडारात ४०० आधार असतील, तर सरासरीप्रमाणे साठा दहा दिवसांचा दिसतो. प्रत्यक्षात आजच १०० नग कमी पडतात. साठा एक दिवसाचाही नाही. उलट ६०० आधार असतील, तर सरासरी १५ दिवस सांगते. पण पहिल्या दिवसानंतर उरलेल्या १०० नगांना विसावा दिवस उजाडेपर्यंत कोणी हात लावणार नसल्यामुळे टंचाई एकोणीस दिवस दूर असते. तूट पडणार असताना आश्वासन देणारा आणि तूट नसताना घाबरवणारा असा हा आकडा एकाच नियमातून निघतो.

वेळापत्रकाच्या शेवटाशीही अशीच अडचण येते. वेळापत्रक पुढील तीस दिवसांचेच असेल आणि साठा त्याहून जास्त असेल, तर एकतिसाव्या दिवसापासून संगणकाला गरज शून्य दिसते. शून्य गरजेला साठा कायमचाच पुरतो! अशा वेळी काही आज्ञावल्या ९९९ यांसारखा आकडा दाखवतात. त्याचा अर्थ 'सुमारे पावणेतीन वर्षे' असा नसून 'ज्ञात गरज संपली, साठा उरला' एवढाच असतो. असे आकडे सरासरीत मिसळून कारखान्याच्या एकूण साठ्याचे दिवस काढले, तर निघणारा आकडा निरर्थक होतो.

दिवस म्हणजे कोणता दिवस?

दिवस हे माप सर्वांना परिचित असल्यामुळे त्याची व्याख्या करावी लागेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु कामाचा दिवस आणि पंचांगातील दिवस हे भिन्न आहेत. आठवड्यातून सहा दिवस चालणाऱ्या कारखान्यात सोमवारी सकाळी १२ कामाच्या दिवसांचा साठा असेल, तर तो दुसऱ्या शनिवारी संध्याकाळपर्यंत पुरतो आणि नवा माल त्यानंतरच्या सोमवारी लागतो. म्हणजे मध्ये १४ दिवस जातात. पुरवठादाराने 'तेरा दिवसांत माल पोहोचेल' असे सांगितले असेल आणि त्याचे तेरा दिवस रविवारसह मोजलेले असतील, तर माल वेळेवर येतो. पण बारा आणि तेरा हे आकडे शेजारी ठेवून पाहणाऱ्यास एका दिवसाची तूट दिसते आणि तो जादा भाडे देऊन माल तातडीने मागवतो.

याउलट चूक अधिक महाग पडते. पुरवठादाराचे दहा दिवस कामाचे असतील आणि संगणकात ते पंचांगातील दिवस म्हणून नोंदले गेले असतील, तर प्रत्येक वेळी माल एक-दोन दिवस उशिरा येईल. भारतासारख्या देशात या भेदाला विशेष महत्त्व आहे. येथे निरनिराळ्या राज्यांत सुट्या निराळ्या असतात. पोंगल, दुर्गापूजा, दिवाळी, ओणम या सणांच्या दिवसांत एका प्रांतातील कारखाना बंद असताना दुसऱ्या प्रांतातील कारखाना चालू असतो. म्हणून खरेदीदार आणि पुरवठादार यांच्या सुट्यांची पत्रके आज्ञावलीत स्वतंत्रपणे भरावी लागतात आणि दिवसांची तुलना करण्यापूर्वी दोन्ही आकडे एकाच मापात आणावे लागतात. तीच ती नोंद वर्षानुवर्षे तशीच राहिली, तर जुन्या वर्षाच्या सुट्या नव्या वर्षाचा हिशेब बिघडवतात.

साठ्यात काय धरावयाचे?

भागाकारात जसा भाजक संदिग्ध असतो, तसा भाज्यही असतो. भांडारात असलेला सर्वच माल वापरता येतो असे नाही. काही माल तपासणीच्या प्रतीक्षेत असतो, काही दोषामुळे बाजूला ठेवलेला असतो, काही दुसऱ्या ग्राहकासाठी राखून ठेवलेला असतो. याखेरीज मागवलेला पण अद्याप न आलेला माल असतो. त्यातही पायऱ्या आहेत : वाटेत असलेला ट्रक, पुरवठादाराने तारीख देऊन स्वीकारलेली मागणी, आणि संगणकाने केवळ सुचवलेली, कोणीही मंजूर न केलेली मागणी.

सर्व अपेक्षित माल धरून दिवस काढले, तर जवळजवळ प्रत्येक भागाचा साठा भरपूर दिसेल. कारण तूट दिसताच ती भरून काढणारी मागणी सुचवणे हेच या पद्धतीचे काम आहे. कागदावरच्या सूचनेला साठा मानल्यासारखे ते होईल. केवळ हातातील माल धरला, तर उलट उद्या सकाळी दाराशी येणारा ट्रकही हिशेबाबाहेर राहील आणि विनाकारण धावपळ होईल. यासाठी चांगल्या आज्ञावल्यांत दोन किंवा तीन आकडे शेजारी शेजारी दाखवण्याची सोय असते : केवळ हातातील साठ्याचे दिवस, खात्रीचा येणारा माल धरून होणारे दिवस, आणि सर्व अपेक्षित माल धरून होणारे दिवस. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यांतील अंतर मोठे असेल, तर कारखाना पुरवठादाराच्या शब्दावर चालला आहे असे समजावे.

मागे राहून गेलेल्या गरजांचाही विचार करावा लागतो. गेल्या आठवड्यात जोडावयाच्या पण न जोडलेल्या ५० सायकली वेळापत्रकात तशाच पडून असतील, तर त्यांचे ३,६०० स्पोक आजच्या साठ्यातून आधी वजा झाले पाहिजेत. मात्र ते काम रद्द झालेले असूनही नोंद खोडलेली नसेल, तर तो साठा दिवसेंदिवस नसलेल्या कामासाठी अडकून राहतो.

किती दिवसांचा साठा असावा?

साठा किती दिवसांचा आहे हे कळल्यानंतर तो किती दिवसांचा असावा हा प्रश्न येतो. येथे तीन मर्यादा ठरवण्याची पद्धत आहे : किमान, अपेक्षित आणि कमाल. साठा किमान मर्यादेखाली जाणार असे दिसताच संगणक अपेक्षित मर्यादेपर्यंत पोहोचवणारी मागणी सुचवतो आणि कमाल मर्यादा ओलांडली जात असेल तर इशारा देतो. मर्यादा नगांऐवजी दिवसांत सांगण्याचा लाभ असा, की उत्पादन वाढले किंवा घटले तरी त्या आपोआप जुळवून घेतात. पाच दिवसांचा राखीव साठा म्हणजे मंदीच्या काळात ७२,००० स्पोक असतील, तर तेजीच्या काळात एक लाखाहून अधिक असतील. नोंद बदलावी लागत नाही.

सर्व वस्तूंना एकच मर्यादा लावणे मात्र चुकीचे ठरते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील एच. फोर्ड डिकी यांनी १९५१ मध्ये साठ्यातील वस्तूंचे त्यांच्या वार्षिक खर्चानुसार तीन वर्ग करण्याची रीत मांडली. बहुतेक कारखान्यांत थोड्या महाग वस्तूंवर खर्चाचा मोठा भाग होतो आणि असंख्य स्वस्त वस्तूंवर थोडा. महाग वस्तू थोड्या दिवसांच्या ठेवून त्यांवर रोज लक्ष ठेवावे. स्वस्त वस्तू अनेक दिवसांच्या ठेवून निश्चिंत असावे, हे त्यातील तत्त्व. याच्या जोडीला पुरवठ्याची मुदत किती लांब आहे, पुरवठादार दिलेली तारीख कितपत पाळतो, आणि वस्तू टिकाऊ आहे की नाशवंत, याचाही विचार करावा लागतो. रबराचे विरघळक द्रावण साठ दिवसांचे ठेवून चालणार नाही. लोखंडी खिळे ठेवण्यास हरकत नाही.

दिवसांतील मर्यादेचा एक दोष आहे आणि तो तिच्या गुणातूनच उद्भवतो. एखाद्या विक्रेत्याचा दर आठवड्याचा खप १,००० नगांचा असून त्याने दोन आठवड्यांचा साठा ठेवण्याचा नियम केला आहे. त्याच्याजवळ २,००० नग आहेत. खप एकदम १,५०० वर गेला, तर दोन आठवड्यांचा साठा आता ३,००० नगांचा हवा. विकलेले १,५०० भरून काढावयाचे आणि साठ्यात १,००० ची भर घालावयाची. मागणी २,५०० ची होते. खप निम्म्याने वाढला, पण मागणी अडीचपट झाली. पुढच्या आठवड्यात खप पुन्हा १,००० वर आला, तर ३,००० मधून १,००० गेल्यावर २,००० उरतात आणि नियमाप्रमाणे तेवढेच हवे असल्यामुळे मागणी शून्य होते. कारखान्याला मात्र एका आठवड्यात २,५०० आणि दुसऱ्या आठवड्यात काहीच नाही असे दिसते. कारखान्यानेही असाच नियम लावला असेल, तर त्याच्या पुरवठादाराकडे हा हेलकावा आणखी मोठा होऊन पोहोचतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या औद्योगिक गतिशास्त्रावरील ग्रंथात या हेलकाव्यांचे विश्लेषण केले. यावर उपाय म्हणून मर्यादा ठरवताना एका आठवड्याची नव्हे, तर पुढील अनेक आठवड्यांची सरासरी गरज धरावी आणि साठ्यातील भर एकदम न घालता हळूहळू घालावी. येथे सरासरी हितकारक ठरते हे लक्षात घेण्याजोगे आहे : टंचाईची तारीख शोधताना ती फसवते, पण राखीव साठ्याचे प्रमाण ठरवताना तीच स्थैर्य देते.

कोळशाचे दिवस

साठ्याच्या दिवसांचा आकडा कारखान्याच्या भिंतीबाहेर, साऱ्या देशाच्या चिंतेचा विषय होऊ शकतो याचा अनुभव भारताला २०२१ मध्ये आला. देशातील औष्णिक वीजकेंद्रांजवळ किती दिवसांचा कोळसा आहे याचा दैनंदिन अहवाल केंद्रीय विद्युत प्राधिकरण प्रसिद्ध करते. साथीनंतर विजेची मागणी वेगाने वाढली, खाणींच्या प्रदेशांत जोरदार पाऊस झाला आणि परदेशी कोळशाचे भाव चढल्यामुळे आयात कोळशावर चालणाऱ्या केंद्रांनी उत्पादन घटवले. त्यांचा भार देशी कोळशावर पडला. ऑक्टोबर २०२१ च्या आरंभी केंद्रांजवळ सरासरी सुमारे चार दिवसांचाच कोळसा उरला होता.

सरासरी चार दिवस याचा अर्थ प्रत्येक केंद्राजवळ चार दिवसांचा कोळसा होता असा नव्हे. काहींजवळ त्याहून अधिक होता, तर काहींजवळ एका दिवसाचाही नव्हता. ज्या केंद्राजवळ कोळसा नाही त्याला दुसऱ्या केंद्राच्या ढिगाचा तत्काळ काही उपयोग नसतो. कोळसा बहुधा रेल्वेच्या वाघिणींतून यावा लागतो.

डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाने साठ्याचे निकष नव्याने ठरवले. खाणीच्या तोंडाशी असलेल्या केंद्रांनी महिन्यानुसार १२ ते १७ दिवसांचा आणि दूरच्या केंद्रांनी २० ते २६ दिवसांचा कोळसा बाळगावा, असे ठरले. अंतर जास्त तितका मार्गातील अडथळ्यांचा धोका जास्त, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते. महिन्यानुसार फरक करण्याचे कारण पावसाळा : पाऊस सुरू होण्यापूर्वी ढीग मोठा हवा, पावसाळ्यात तो उतरणार हे गृहीत धरावयाचे. याहूनही महत्त्वाचा निर्णय भाजकाचा होता. केंद्राचा प्रत्यक्ष वापर काहीही असो, क्षमतेच्या ८५ टक्के भार धरून रोजची गरज काढावी, असे निश्चित झाले.

या निर्णयाचा परिणाम एका काल्पनिक केंद्राच्या उदाहरणाने समजेल. त्याला ८५ टक्के भाराने रोज १०,००० टन कोळसा लागतो; पण मागणी मंद असल्यामुळे सध्या तो ६,००० टनच जाळतो. आवारात ६०,००० टन आहेत. अलीकडच्या वापराने हा साठा दहा दिवसांचा, तर नव्या निकषाने सहा दिवसांचा. मागणी मंद असताना पहिला आकडा खरा असतो. पण वीजकेंद्राला कोळशाची खरी निकड लागते ती मागणी उसळते तेव्हा. नवा भाजक आजच्या स्थितीचे वर्णन करीत नाही. वाईट दिवशी काय होईल ते सांगतो. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. कोणता वापरावयाचा हे चुकल्यास काय गमवावे लागेल यावरून ठरवावे लागते.

थोड्या साठ्याचे धाडस

साठा जितका थोडा तितका कारभार चोख, अशी एक समजूत जपानी उद्योगांच्या यशानंतर जगभर पसरली. टोयोटा कंपनीने आवश्यक तेव्हा आवश्यक तेवढाच माल आणण्याची पद्धत विकसित केली आणि अनेक भागांचा साठा दिवसांवरून तासांवर आणला. १ फेब्रुवारी १९९७ रोजी आयसिन सेइकी या पुरवठादाराच्या कारियातील कारखान्याला आग लागली. गतिरोधकांतील दाब नियंत्रित करणारी एक लहानशी झडप जवळजवळ संपूर्णपणे तेथूनच येत असे आणि टोयोटाजवळ तिचा साठा काही तासांपुरताच होता. कंपनीचे जपानमधील बहुतेक कारखाने बंद पडले. इतर अनेक पुरवठादारांनी आपापल्या यंत्रांवर ती झडप बनवून दिल्यामुळे काही दिवसांतच काम पूर्वपदावर आले. थोडा साठा परवडला तो या परस्पर सहकार्यामुळे. ज्याच्यामागे असे सहकार्य उभे नाही, त्याने केवळ तासांचा आकडा उचलू नये.

साठ्याच्या दिवसांचा कोणताही आकडा वाचताना यास्तव काही प्रश्न विचारावेत. दिवस कामाचे की पंचांगातील? गरज मागची की पुढची? सरासरी की दिवसावार? साठ्यात येणारा माल धरला आहे काय, आणि असल्यास कोणत्या पायरीपर्यंतचा? वेळापत्रक कोठे संपते? ही उत्तरे आज्ञावलीच्या नोंदींत असतात. ती बहुधा प्रारंभी एकदा भरली जातात आणि भरणारा दुसरीकडे गेल्यावर कोणी पाहत नाही. वर्षातून एकदा त्या उघडून तपासणे हे यंत्रांना तेल घालण्याइतकेच आवश्यक आहे.

अखेरीस, हा सारा हिशेब एका साध्या गोष्टीवर उभा आहे. नोंदीत १,४४,००० स्पोक असतील आणि फळीवर १,२०,००० च असतील, तर वरील कोणताही नियम कारखान्याला वाचवू शकत नाही. फळीपाशी उभे राहून माल मोजणारा आणि फरक आढळल्यास तो न लपवता लिहिणारा भांडारपाल या व्यवस्थेत जितका महत्त्वाचा आहे, तितका संगणकही नाही.